घरातलं पाणी कुठून येतं, कुठे जातं?

(मुलांना गोड्या पाण्याची, ओढ्या-नद्यांची ओळख कशी करून द्यायची, यावर वाचकांनी पाठवलेले प्रश्न. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.)

प्रश्न : आमच्या बालवाडीत चार ते सहा वर्षांची मुलं आहेत. "पाणी कुठून येतं?" विचारलं की सगळी एका सुरात "नळातून" म्हणतात. पाणी वाचवा अशी चित्रं रंगवून घेतली, घोषणा पाठ करून घेतल्या, पण पुढे काही सरकत नाही. सुरुवात कुठून करावी? – बालवाडी शिक्षिका, पुणे

"नळातून" हे उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे. तेच धरून पुढे चला. मुलांना घेऊन नळाचा पाइप जिथवर दिसतो तिथवर जा. बेसिन, भिंत, गच्चीवरची टाकी, खालची टाकी, फाटकाजवळचा मीटर. एवढ्यालाच एक सकाळ लागते आणि ती लागू द्यावी. गच्चीवरच्या टाकीला कान लावून पाणी पडल्याचा आवाज ऐकायला मिळाला की मुलं ते विसरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने निघा. हात धुतलेलं पाणी जातं कुठे? मोरीच्या जाळीत चिमूटभर हळद कालवलेलं पाणी ओता आणि बाहेरच्या चेंबरचं झाकण मोठ्या माणसाने उघडून ते पिवळं पाणी येताना दाखवा. मुलं चेंबरपासून दोन हात लांब, एका रेघेवर उभी करा. पाणी किमान अर्धी बादली हवं, कारण तांब्याभर पाणी वाटेतल्या वाकणातच अडकतं आणि हळद बाहेर येतच नाही.

तिसऱ्या दिवशी जमिनीवर खडूने लांब निळी रेघ ओढा. पुण्यासाठी तिची कथा अशी : टेमघर, वरसगाव, पानशेत, मग खडकवासला, तिथून पाणी पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणि तिथून आपल्या टाकीत. वापरलेलं पाणी मुठेत, मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा उजनी धरणात. उजनीचं पाणी सोलापूरची मुलं पितात. ही शेवटची गोष्ट जरूर सांगा. "नदी स्वच्छ ठेवा" यातलं पाच वर्षांच्या मुलाला काही कळत नाही, पण आपल्या मोरीतलं पाणी पुढे कुणाच्या तरी पेल्याकडे चाललंय, हे कळतं. तुमचं गाव दुसरं असेल तर तिथली रेघ स्वतः शोधून काढा. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला ती तोंडपाठ असते.

जगात गोडं पाणी किती थोडं आहे, हे दाखवणारा प्रयोग सात वर्षांच्या पुढे करावा, त्याआधी प्रमाण उमगत नाही. एक लिटर पाणी म्हणजे जगातलं सगळं पाणी. त्यातलं २५ मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या चमच्याने पाच चमचे, वाटीत काढा. बाटलीत उरलेल्या पाण्यात मीठ घाला. वाटीतल्या पाचापैकी जवळजवळ साडेतीन चमचे बर्फात गोठलेलं आहे, ते फ्रीजरमध्ये ठेवा. दीड चमचा जमिनीखाली आहे, तो वाळूच्या वाटीत ओता. नद्या आणि तलाव मिळून उरतो जेमतेम एक थेंब. तो ड्रॉपरने मुलाच्या तळहातावर ठेवा. या थेंबाजवळ भाषण करू नका, मुलं स्वतःच बोलतात.

प्रश्न : शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर ओढा आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना तिथे न्यायचं आहे, पण पालक घाबरतात आणि नुसतं पाणी बघून परत येण्यात अर्थ वाटत नाही. – जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, सातारा जिल्हा

पालकांची भीती रास्त आहे, तेव्हा आधी तेवढं बघू. सहल नोव्हेंबर ते जानेवारीत काढा. पाऊस थांबलेला असतो, पाणी निवळलेलं असतं आणि ओढा अजून वाहता असतो. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर जाऊ नका. वर धरण, पाझर तलाव किंवा कालव्याचा सांडवा असेल तर पाटबंधारे खात्याकडे आवर्तन, म्हणजे सोडायचं पाणी, कधी सुटणार ते विचारा. कोरडं पात्र पाहता पाहता भरतं. पाच मुलांमागे एक मोठा माणूस हवा. पाणी मुलाच्या घोट्यापर्यंत, फार तर अर्ध्या पोटरीपर्यंत. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की मोठ्या माणसाचाही तोल जातो. पायाला जखम असलेलं मूल काठावर बसून नोंदी घेईल, कारण गुरांचा आणि उंदरांचा वावर असलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होऊ शकतो. पायात बूट किंवा मागे पट्टा असलेल्या चपला असाव्यात. नुसती स्लीपर चिखलात राहते आणि मूल ती शोधायला वाकतं. परत निघताना सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, मगच डबे उघडायचे.

आता काय बघायचं? दगडाखालची वस्ती. ओढा आजारी आहे की धडधाकट, ते हे किडे सांगतात, आणि पाण्याच्या एखाद्या नमुन्यापेक्षा जास्त खरं सांगतात. नमुना त्या घटकेचा असतो. किडे मात्र त्याच पाण्यात कित्येक आठवडे काढतात. रात्री कुणी टँकर ओतून गेलं तर सकाळचं पाणी निर्मळ दिसेल, पण किडे नाहीसे झालेले असतील.

सामान : तारेच्या कड्याला मच्छरदाणीचं कापड शिवून केलेली जाळी, पांढरं घमेलं किंवा आइस्क्रीमचे रिकामे पांढरे डबे, चित्रकलेचा मऊ ब्रश, भिंग. पांढरा रंग महत्त्वाचा, हिरव्या बादलीत अर्धे जीव दिसतच नाहीत. जिथे पाणी दगडांवरून खळखळत जातं तिथे जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला, तोंड येणाऱ्या पाण्याकडे करून, तळाला टेकवून धरा. मोठ्या माणसाने जाळीच्या वरच्या अंगाला उभं राहून अर्धा मिनिट पायाने दगड हलवायचे. सुटे झालेले जीव वाहत जाळीत येतात. "काहीच मिळालं नाही" म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा जाळी उलट्या बाजूला धरलेली असते, किंवा ती तळापासून चार बोटं वर तरंगत असते. जाळी घमेल्यात उलटी करा, घमेल्यात ओढ्याचंच पाणी घ्या, दोन मिनिटं कुणी हलू नका. मग एकेक जण चालू लागतो.

पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले फडफडवणारा आणि शेपटीला बहुधा तीन केस असलेला किडा दिसला तर आनंद माना. वाळूचे कण, काटक्या, पानांचे तुकडे रेशमाने चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधणारी अळीही तशीच. या दोघांना भरपूर प्राणवायू लागतो. सह्याद्रीच्या माथ्याजवळच्या थंड झऱ्यांत दोन शेपट्यांचा, दगडाला चिकटून राहणारा एक किडा मिळतो. तो सगळ्यात नाजूक. चतुर आणि त्याचा बारीक भाऊबंद टाचणी, यांची पिल्लं मधल्या दर्जाच्या पाण्यातही तग धरतात. चतुराचं पिल्लू मात्र वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर मुलं मोजेपर्यंत ते बाकीच्यांना खाऊन टाकतं. लालभडक दोऱ्यासारख्या अळ्या आणि लांब नळीसारख्या शेपटीने श्वास घेणारी मळकट अळी, एवढंच मिळालं आणि दुसरं काही नाही, तर वर कुठेतरी सांडपाणी मिसळतंय. त्या लाल अळीच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून ती कमी प्राणवायूतही जगते. मुलांना हे फार आवडतं.

एक सावधगिरी. साचलेल्या डबक्यात आणि खळाळत्या पाण्यात वेगवेगळेच जीव असतात. तेव्हा तुलना करायची तर खळाळाची खळाळाशी करा, गावाच्या वर एकदा आणि गावाच्या खाली एकदा. घमेलं सावलीत ठेवा आणि वीस मिनिटांत सगळ्यांना जिथून आणलं तिथेच सोडा. उचललेला दगड त्याच खळगीत, तीच बाजू खाली करून परत ठेवायचा, कारण दगडाची खालची बाजू हे कुणाचं तरी छप्पर असतं.

मुलांना आकडा हवा असतो. त्यासाठी सपाट बुडाची काचेची उंच बरणी घ्या, बुडाखाली काळ्या पेनाने फुली काढलेला कागद चिकटवा आणि वरून बघत ओढ्याचं पाणी हळूहळू ओता. फुली दिसेनाशी झाली की पट्टीने पाण्याची उंची मोजा. उंची जास्त, तितकं पाणी नितळ. मुलं उन्हाकडे पाठ करून, सावलीत उभी राहिली पाहिजेत, नाहीतर चकाकीमुळे प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो.

परतताना मुलांना ओढ्याचं नाव विचारा. माहीत नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला लावा. ज्याचं नाव गेलं त्याला लोक "नाला" म्हणू लागतात, आणि नाला म्हटलं की कचरा टाकायला हात कचरत नाही.

प्रश्न : मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी बाटलीत कोळसा, वाळू, खडी भरून गाळणी केली. गढूळ पाणी ओतलं तर खालून काळं पाणी आलं! दुसऱ्यांदा केली तेव्हा स्वच्छ आलं, आणि तो ते प्यायलाच निघाला. – एक आई, कोल्हापूर

काळं पाणी आलं कारण कोळसा धुतला नव्हता. लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे करून, चुरा चाळून टाकून, पाणी नितळ निघेपर्यंत पाच-सहा वेळा धुवावेत. वाळूचंही तेच. एक लिटरची बाटली बूड कापून उलटी धरा. तोंडाशी सुती कापडाची दुहेरी घडी रबराने बांधा. त्यावर दोन बोटं कोळसा, चार बोटं बारीक वाळू, दोन बोटं जाड वाळू, वर दोन बोटं खडी. खडी वर का? मोठा कचरा तिथेच अडतो आणि ओतलेल्या धारेने वाळूत खड्डा पडत नाही. खड्डा पडला की पाणी त्याच वाटेने सरळ खाली येतं, गाळलंच जात नाही. गढूळ पाणी आधी अर्धा तास स्थिर ठेवा किंवा त्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवा. गाळाचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. तुरटी जास्त झाली तर पाणी तुरट लागतं, बाकी फायदा काही नाही.

आता मोठा मुद्दा. नितळ म्हणजे पिण्याजोगं नव्हे. हे सांगून पटत नाही, करून पटतं. पिण्याच्या पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा, नव्या धुतलेल्या कापडातून गाळा आणि मुलाला एक थेंब चाखू द्या. खारटच! म्हणजे दिसत नाही ते गाळणीतून निसटतं. रोगजंतू तर आणखी फसवे, त्यांना चवही नसते. बाटलीच्या गाळणीत ते अडतील याची काहीच खात्री नाही. घरी खळखळ उकळी येऊन मिनिटभर राहिलेलं पाणी प्यावं. गावात पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात, ती जंतू मारते. ती टाकल्यावर अर्ध्या तासाने जलसुरक्षक, म्हणजे गावचं पाणी तपासणारा कर्मचारी, नळाच्या पाण्यात ओटी (ऑर्थोटोलिडीन) या क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकून बघतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. मुलाला ही तपासणी लांबून दाखवा. ओटीच्या बाटलीला त्याने हात लावायचा नाही. गाळणीचं पाणी झाडांना घाला, आणि बरणीवर "पिऊ नये" असं मुलाच्याच अक्षरात लिहून चिकटवा.

प्रश्न : आमच्या तलावावर जलपर्णीची जांभळी फुलं आली की मुलं खूश होतात. ती वाईट आहे, हे त्यांना कसं समजवावं? – एक वाचक, पिंपरी-चिंचवड

ती वाईट आहे असं सांगूच नका. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली पाहुणी आहे, आणि आपण तिला भरमसाट जेवायला घालतोय. ते जेवण दाखवा. काचेच्या दोन बाटल्यांत तलावाचंच एकेक लिटर पाणी घ्या. एकीत सुफला खताचे पाच दाणे टाका, दुसरी तशीच. दोन्ही खिडकीत, दिवसाचं ऊन मिळेल अशा ठेवा, झाकण सैल. दहा-पंधरा दिवसांत खताची बाटली हिरवी होते. नळाचं पाणी घेतलं तर प्रयोग फसतो, कारण त्यात शेवाळाचं बीजच नसतं आणि क्लोरीन असतो. मूठभर खत टाकलं तरी फसतो. आपल्या सांडपाण्यात तेच नायट्रोजन आणि फॉस्फरस असतात, हे मग सांगा. जलपर्णी काढून काठावर ढीग लावला तर ती कुजून तेच खत परत पाण्यात उतरतं. म्हणून काढलेली लांब न्यावी लागते, आणि सांडपाणी थांबेपर्यंत दर वर्षी काढावी लागते.

प्रश्न : आम्ही शाडूची मूर्ती आणतो. ती तर मातीच. मग नदीत विसर्जन केलं तर काय बिघडलं? मुलगी विचारते, माझ्याकडे उत्तर नाही. – एक वडील, नाशिक

मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे. शाडू विरघळते, पण नाहीशी होत नाही. ती अतिशय बारीक माती आहे आणि बहुतेक शाडू गुजरातेतून येते, म्हणजे ती गोदावरीची नव्हेच. हजारो मूर्तींची माती एकाच घाटावर दोन दिवसांत पडली की तळाच्या दगडांमधल्या फटी लिंपल्या जातात आणि वर सांगितलेल्या किड्यांची घरं बुजतात. घरी बादलीत विसर्जन करा. रंग न दिलेली मूर्ती काही तासांत विरघळते. वरचं पाणी झाडांना घाला, खालची माती वाळवून ठेवा. पुढच्या वर्षी तीच मळून मुलीने स्वतः मूर्ती करावी. निर्मळ माती असेल तर ती वर्षानुवर्षं चालते.

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती नुसत्या पाण्यात तशीच पडून राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली रीत अशी : मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट विरघळवायचं. हा खाण्याचा सोडा नव्हे. मग मूर्ती आत ठेवून दिवसातून दोन-तीन वेळा ढवळायचं. साधारण दोन दिवसांत मूर्ती विरते. तळाशी खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत, उरतं. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून बादली गॅलरीत किंवा अंगणात ठेवा आणि ढवळायचं काम मोठ्यांनीच करा. मूर्ती रंगवलेली असेल तर ते पाणी भाजीच्या कुंडीत घालू नका.

प्रश्न : पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडायला मुलगा बाबांबरोबर जातो. शाळेत मात्र बाई सांगतात, मासे मारू नका. त्याचा गोंधळ उडालाय. – कुडाळ तालुका

दोघांचंही खरं आहे, फक्त वेळ सांगायची राहिलीय. पहिल्या मोठ्या पावसात मासे नदीतून वहाळात (ओढ्यात), वहाळातून शेतात चढतात ते अंडी घालायला. त्यातली पोटुशी मादी पकडली तर पुढच्या वर्षीचे मासे आजच कढीत गेले. चढणीचे मासे हा कोकणातल्या पावसाचा जुना आनंद आहे आणि तो मुलाकडून काढून घ्यावा असं वाटत नाही. पण घरचे नियम करता येतात. पहिले दोन-तीन दिवस जायचं ते बघायला, पकडायला नाही. जाळं किंवा बांबूचा सापळा वहाळ पूर्ण अडवून लावायचा नाही, निम्मी वाट मोकळी. पोट फुगलेली मादी हातात आली तर तिथल्या तिथे सोडायची, आणि हे काम मुलाकडे द्यायचं, कारण त्याचे डोळे तीक्ष्ण असतात. पाण्यात पावडर किंवा विषारी रस टाकणं, विजेचा शॉक देणं, हे कधीही नाही. उन्हाळ्यात वहाळ आटतो तेव्हा वाचलेले सगळे मासे एखाद्या डोहात गोळा झालेले असतात. तो डोह नासला तर पुढच्या पावसात चढायला कुणी उरत नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत किंवा वैतरणेवरच्या तिळसे इथे देवाचे म्हणून मासे कुणी धरत नाही. मुलाला एकदा तिथे घेऊन जा, हातभर लांबीचे मासे बघून त्याला डोहाची किंमत कळेल.

प्रश्न : "पाणी संपणार" असं शाळेत ऐकून माझी सहा वर्षांची नात आंघोळीला घाबरते. – एक आजी, लातूर

तिला सांगा, पाणी संपत नाही, फिरतं. ताटलीत थोडं पाणी घेऊन उन्हात ठेवा, वर काचेचा वाडगा पालथा घाला. तासाभरात आतून थेंब लागतात. हाच पाऊस. काळजी आहे ती पाणी जवळ, वेळेवर आणि स्वच्छ मिळण्याची, आणि ती मोठ्या माणसांची आहे. तिच्याकडे एकच काम द्या : भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालायचं. एवढ्या लहान मुलांना उद्याची भीती घालून पाण्याची आवड लागत नाही.

प्रश्न : पर्यावरण दिनाला मुलांकडून ओढ्याची सफाई करून घ्यावी का? – पालक-शिक्षक संघ, ठाणे जिल्हा

करून घ्या, पण आठ वर्षांच्या पुढच्या मुलांकडून, कोरड्या काठावर आणि पाऊस सुरू व्हायच्या आत. पन्नास मीटरचा पट्टा दोरीने आखा, वेळ अर्धा तास. जाड रबरी हातमोजे मुलांच्या मापाचे हवेत, मोठे मोजे निसटतात. काचा, सुया, औषधांच्या पट्ट्या, सॅनिटरी पॅड, मेलेली जनावरं, तोंड बांधलेल्या पिशव्या यांना मुलांनी हात लावायचा नाही, फक्त तिथे लाल फडकं खोचून मोठ्यांना हाक मारायची. काठावरचं गवत, निर्गुडी, वाळुंज "घाण" म्हणून उपटू देऊ नका. अशा सफाईनंतर पहिल्याच पुरात काठ ढासळतो.

गोळा केलेला कचरा लगेच गाडीत टाकू नका. ताडपत्रीवर पसरून मुलांना प्रकारानुसार मोजू द्या : गुटख्याच्या पुड्या किती, दुधाच्या पिशव्या किती, निर्माल्याच्या पिशव्या किती. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्याच्या मुळाशी जा. पुड्या जास्त असतील तर वरच्या टपरीवाल्याला मुलांनी जाऊन आकडा सांगावा आणि डबा ठेवायची विनंती करावी. निर्माल्य जास्त असेल तर देवळात कलश ठेवायला सांगावं. सांडपाण्याचा पाइप सापडला तर जागेची खूण, तारीख आणि फोटो घेऊन शाळेच्या पत्रावर ग्रामपंचायतीला किंवा प्रभाग कार्यालयाला कळवावं आणि पत्राची पोच घ्यावी. पाऊस ओसरल्यावर त्याच पन्नास मीटरमध्ये पुन्हा मोजा. दोन्ही आकडे एकाच वहीत एकाखाली एक लिहा आणि वर्ष संपलं की वही पुढच्या वर्गाकडे द्या.